तुमचा सबवूफर, माझा कोपरा

पंधरा दिवस झाले. येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगून जातो आहे, की किती शांत माणूस होता. शेजारच्या भदौरिया भाभी तर रोज येऊन सांगतात, "इतने सीधे आदमी थे, भाभीजी, कभी ऊँची आवाज़ नहीं सुनी।" मी मान हलवते, पाणी पुढे करते आणि आतल्या आत जळफळते. तुमच्या शांतपणाचं कौतुक करणाऱ्यांना त्याच्याबरोबर बत्तीस वर्षं संसार करावा लागलेला नाही. मला लागला. अहो, तुमचा ओरडा चालला असता मला. पण तुम्ही गप्प राहायचात आणि आपल्याला हवं ते हळूच करून मोकळे व्हायचात. नाहीतर हवं ते हळूच सोडून द्यायचात. दोन्ही वेळा समोरच्याला पत्ता लागायचा नाही. याला लोक शांतपणा म्हणतात.

मध्य प्रदेशचे दोन तुकडे झाले, तुमच्या खात्याची यादी लागली, तो दिवस घ्या. तुम्ही पाटबंधारे खात्यात सब-इंजिनियर. संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत, जेवलात, वर दहीभात मागून घेतलात, आणि ताट उचलताना म्हणालात, "रायपूर लागलंय." नव्या राज्यात जायचं, आणि सांगितलंत असं, जसं काही कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं होतं. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या या घरात येऊन आपल्याला वर्षही झालं नव्हतं. केतकी दहावीला. मी इथे सरकारी कन्या शाळेत गणित शिकवत होते, ती नोकरी सोडून कुठे येणार? आई म्हणजे तुमच्या आई, त्यांना एकट्यांना ठेवणं शक्यच नव्हतं. त्या तेवढ्या बोलल्या. "प्रत्येक पिढीत एकदा राज्य बदलतं बाबा," म्हणाल्या. "संस्थान विलीन झालं तेव्हा दफ्तर हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मग भोपाळ. तुझे वडील दर खेपेला आम्हाला घेऊन गेले. डाळीतांदळाच्या डब्यांसकट."

तुम्ही हसलात. "दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे," म्हणालात. "नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असले तर एका राज्यात राहण्यासाठी अर्ज करता येतो. मी करतो."

ते दोन-तीन वर्षांचं गणित बारा वर्षं चाललं.

त्या बारा वर्षांत हे घर मी बैठकीच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यातून चालवलं. तिथे माझं टेबल होतं, अजून आहे, त्याच टेबलावर हे लिहिते आहे. त्यावर पाचशे मुलींच्या गणिताच्या कॉप्या तपासल्या. केतकीचे कॉलेजचे फॉर्म भरले. आईंना अर्धांगवायू झाला तेव्हा औषधांच्या वेळा लिहिलेला कागद याच टेबलाच्या काचेखाली होता. प्लंबर आला की इथूनच आवाज द्यायची, दुपारी शिकवणीच्या मुली इथेच बसायच्या. घरात आलेला माणूस आधी या कोपऱ्याकडे बघायचा, कारण घरातला कर्ता माणूस तिथे बसलेला असायचा.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि केतकी रायपूरला आलो होतो, आठवतं? तुमच्या भाड्याच्या खोलीत एक गादी, एक स्टोव्ह आणि तुमची म्यूझिक सिस्टिम. दोन लहान स्पीकर आणि जमिनीवर ठेवलेला एक काळा डबा. बाकी खोली रिकामी. तुम्ही आम्हाला गादीवर बसवलंत, गाणं लावलंत आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसलात. "रिकाम्या खोलीत आवाज कसा मोकळा लागतो बघ," म्हणालात. तुम्ही पोहे केलेत. गुणगुणत केलेत! ग्वाल्हेरला मी तुम्हाला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आम्ही आलो म्हणून माणूस खूश आहे. मूर्ख होते मी.

पाचव्या वर्षी आई गेल्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचलात. तोवर जे करायचं ते मी आणि माझ्या भावानं केलं होतं. त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही, गाडीचा प्रवासच तेवढा. पण तेराव्याला तुमच्या ऑफिसातले सक्सेनाजी आले होते. त्यांचीही बदली तिकडेच झाली होती आणि ते वर्षभरात परत आले होते. मी त्यांना वाढायला गेले तर ते हळहळून म्हणाले, "भाभीजी, हम सबने अर्ज़ी लगाई थी। साहब ने लगाई ही नहीं। हम तो समझे, आप लोग ही वहाँ शिफ़्ट हो जाएँगे।"

माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं. मी त्यांना वाढलं, त्यांच्या शेजारच्याला वाढलं, पंगत पूर्ण केली. तुम्ही समोरच उभे होतात, कोणाला पाणी हवं का विचारत. मी तुम्हाला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढची सात वर्षंही नाही.

मग तुम्ही रिटायर होऊन परत आलात, आणि आठवड्याभरात टेप घेऊन बैठक मोजायला लागलात.

आधी मला बरंच वाटलं. माणूस रिकामा बसण्यापेक्षा बरं. तुम्हाला घरात चांगलं होमथिएटर हवं होतं. मोठा टीव्ही, चार बाजूंना छोटे स्पीकर आणि एक सबवूफर. तो रायपूरचा डबा वाटेतच फुटला होता, म्हणून नवा घ्यायचा होता. तुम्ही मला समजावलंत, "बाकीचे स्पीकर कुठून वाजतायत ते कळतं. हा कुठून वाजतोय ते कळता कामा नये. नुसतं वाटलं पाहिजे की खोलीत कोणीतरी आहे." मी म्हटलं, खोलीत मी आहेच. तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही भिंत मोजत होतात.

पडाव भागातल्या एका दुकानात आपण दोघं गेलो. दुकानदार तुम्हाला बारा इंची दाखवत होता, मागे हवा जायला भोक असलेला. "अंकल, यही ले जाइए, पूरी कॉलोनी को पता चलेगा।" तुम्ही म्हणालात, "कॉलोनी को नहीं, मुझे पता चलना चाहिए।" आणि सगळीकडून बंद असलेला दहा इंची डबा निवडलात. त्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत होतात. "धमक नको मला," म्हणालात, "ठोका साफ हवा. वाजला की थांबला पाहिजे." तुमचा तो चेहरा मला आवडला होता. हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या रागात राहून जाईल.

घरी येऊन तुम्ही ग्राफपेपरवर बैठकीचा नकाशा काढलात. आयुष्यभर कालवे आखलेले, रेघ कशी सुरेख. सोफा, दिवाण, टीव्ही, शोकेस, कूलरची खिडकी, दाराचा पल्ला कुठवर उघडतो तेसुद्धा. आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात लाल पेनानं लिहिलेलं: सबवूफर.

माझं टेबल नकाशात नव्हतंच. हलवलेलं नाही, खोडलेलं नाही. मुळात काढलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "इथे काय आहे?"

तुम्ही म्हणालात, "कोपरा."

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण रविवार होता, तुम्ही उत्साहात होतात, म्हणालात आधी रांगून बघू, कागदावरचं खरं असतंच असं नाही. मला वाटलं थट्टा करता आहात. तुम्ही खरंच तो डबा सोफ्यावर ठेवलात, जिथे तुम्ही बसता तिथे, खाली उशा घालून. तबल्याची सीडी लावलीत. आणि बनियन-पायजम्यावर, बासष्टीला टेकलेला माणूस, दुखऱ्या गुडघ्यांनी भिंतीच्या कडेकडेनं रांगायला लागलात. डोकं खाली, कान फरशीजवळ. "डबा आपल्या जागी ठेवायचा," हे मला रांगता रांगता सांगत होतात, "आणि आपण डब्याच्या जागा शोधत फिरायचं. जिथे ठोका साफ ऐकू येईल, तिथे त्याला बसवायचा."

मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. तुम्ही म्हणालात, "हसतेस काय, ये, तू पण ऐक. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

आणि मी पदर खोचून रांगले. दाराजवळ डग्गा नुसता घुमत होता, अक्षर कळत नव्हतं. दिवाणाशी तर आवाज गायबच. शोकेसजवळ काचेचे पेले थरथरत होते. आणि माझ्या टेबलाखाली, खुर्ची सरकवून मी आत शिरले तर तिथे तो ठोका असा गोल, असा स्वच्छ आला की मला मनगटाचा दाब आणि बोटांची उचल वेगळी ऐकू आली. तुम्ही माझ्या मागे येऊन बसलात. आपण दोघं टेबलाखाली, गुडघ्यांवर.

"ऐकलंस?" तुम्ही म्हणालात.

मी खोटं बोलले. म्हटलं, "टीव्हीच्या उजवीकडे जास्त चांगला होता."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही काय म्हणालात? "तुझं टेबल आतल्या खोलीत नेऊ ना. आता पुढच्या वर्षी तू पण रिटायर होशील. कॉप्या कोणाच्या तपासायच्यात?"

त्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलाखालून बाहेर आले आणि सात वर्षं गिळलेलं एकदम ओकले. "अर्ज का केला नाहीत?"

तुम्ही फरशीवरच बसून राहिलात. तबला चालू होता. "कुठला अर्ज?" असं म्हणाला असतात तर मी तो डबा रस्त्यावर फेकला असता. पण तुम्ही म्हणालात, "तुला केव्हा कळलं?"

"आईंच्या तेराव्याला."

"सात वर्षं झाली."

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"मी विचारायचं? चूक तुमची आणि प्रश्न मी विचारायचा?"

तुम्ही हात लांब करून सीडी बंद केलीत. आणि मग इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, सरळ बोललात. "तिथे मला कोणी काही विचारत नव्हतं. घरी आलो की खोली माझी, वेळ माझी. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी करू. दुसऱ्या वर्षीही तसंच वाटलं. मग लाज वाटायला लागली, की आता केला तर तू विचारशील, इतके दिवस का नाही केला. तुझ्यावर राग नव्हता. कोणावरच नव्हता. मला तिथे बरं वाटत होतं."

मी म्हटलं, "आणि इथे तुमची आई अंथरुणात होती."

"हो," म्हणालात. "ते आहेच."

नऊ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी बाजारातून आले तर सबवूफर टीव्हीच्या उजवीकडे, शोकेसजवळ बसवलेला. नकाशा कुठे दिसला नाही. त्या जागी पेले थरथरायचे, म्हणून तुम्ही जुन्या स्लीपरचे तुकडे कापून डब्याच्या पायांखाली घातले होते. मागची बटणं इकडची तिकडे करून पाहिली होती. तरी खर्ज घुमायचाच. भदौरिया भाभींनी एकदा हसत सांगितलं, "भाईसाहब, हमारे यहाँ बर्तन नाच रहे हैं।" त्या दिवसापासून तुम्ही आवाजच कमी केलात. इतका, की उन्हाळ्यात कूलर लावला की तुमचा सबवूफर ऐकूच यायचा नाही. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून ऐकायचात. काय ऐकत होतात कोण जाणे.

कोपऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाहीत. दोन वर्षांत एकदाही नाही.

याचाच मला राग आहे. समजतंय का तुम्हाला? अर्जाचा राग आता जुना झाला. पण तुम्ही भांडला का नाहीत? तुम्ही बरोबर होतात, तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. एकदा म्हणायचं होतं, "खोटं बोलतेस तू, आवाज तिथेच चांगला आहे, मी बारा वर्षांनी माझ्या घरी आलोय आणि मला चार हात जागा हवी आहे." मी आकांडतांडव केलं असतं. आणि कदाचित दिली असती. तुम्हाला रायपूरहून परत यायचं नव्हतं, तर तेही भांडून सांगायचं होतं. तुम्ही कुठल्याच गोष्टीसाठी माझ्यासमोर उभे राहिला नाहीत. बाजूला सरलात नुसते. मी तुमच्याशी भांडायला लायक नव्हते का?

परवा सकाळी तुमचं दिवसकार्य झालं. मी अंघोळ करून बाहेर आले तर बैठकीत धडपड चालली होती. केतकी आणि तिचा मामेभाऊ. माझं टेबल आतल्या खोलीत गेलं होतं, काचेखालच्या कागदांसकट. आणि कोपऱ्यात तुमचा काळा डबा.

"आई, बघ," केतकी म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "बाबांनी मला एकदा फोनवर सांगितलं होतं, इथे सबसे अच्छा साउंड येतो म्हणून. इतनी सी तो बात थी ना त्यांची. आता तरी होऊ दे."

मी ओरडले. आलेल्या सगळ्यांसमोर. "आत्ताच्या आत्ता टेबल परत आण!" भदौरिया भाभी चहाचा कप हातात घेऊन उठून उभ्या राहिल्या. केतकी रडायला लागली. म्हणाली, "ते गेले, आई. अब किससे लड़ रही हो?"

कोणाशी म्हणजे? तुमच्याशी. मेल्यावर मिळालेला कोपरा काय कामाचा? मी तुम्हाला तो दया म्हणून देणार नाही. तुम्ही जिवंतपणी मागितला नाहीत.

पण टेबल जागेवर आल्यावर, सगळे गेल्यावर, मी तिथे बसले आणि मला एक गोष्ट आठवली जी मी तुमच्यापासून चोरून ठेवली होती. तुम्ही फरशीवर बसून ते सगळं बोललात ना, "मला तिथे बरं वाटत होतं", तेव्हा मी तुमच्याकडे असं बघितलं जणू मी दुधात धुतलेली आहे. मी तसं बघायला नको होतं. तुम्ही रायपूरला गेलात तेव्हा पहिले सहा महिने मी रडले. हे खरं. पण मग एके दिवशी शाळेतून आले, आईंना चहा दिला, टेबलाशी बसले, आणि लक्षात आलं की मला काही कमी नाही. घरात शब्द माझा चालत होता. कोणाच्या जेवणाची वेळ सांभाळायची नव्हती. सक्सेनाजींनी तेराव्याला सांगितलं तेव्हा मी तुम्हाला विचारलं नाही, ते केवळ अपमान वाटला म्हणून नाही. विचारलं असतं तर तुम्ही अर्ज केला असता. तुम्ही परत आला असतात. ते मला हवं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

हे मी त्या रविवारी सांगायला हवं होतं. आपण दोघं एकाच टेबलाखाली बसलो होतो, याहून चांगली वेळ कुठली? म्हणायला हवं होतं, मलाही बरं वाटत होतं. म्हणाले असते तर कदाचित दोघंही हसलो असतो. मी नाही म्हणाले. दोन वर्षं तुम्हाला एकट्याला गुन्हेगार ठेवलं. तुम्ही मान खाली घालून आवाज कमी करत गेलात आणि मी करू दिला. माझा राग तुमच्यावर आहे, तो असू दे. पण त्यातला अर्धा माझा आहे, तो मी तुमच्या नावावर टाकणार नाही.

आणि मग त्या मंगळवारी तुम्ही सकाळी फिरायला गेलात, कॉलनीच्या बागेत बाकावर बसलात, आणि उठलाच नाहीत. बोलवायला भदौरियांचा माणूस धावत आला तेव्हा मी कुकर लावत होते. तुम्ही बाकाला टेकून बसला होतात. शांत.

आज केतकीला स्टेशनवर सोडून आले. पुण्याची गाडी उशिरा होती, आम्ही फलाटावर दोघीच. ती अजून माझ्यावर रुसलेली. मग तिनंच विचारलं, "आई, तू अकेली कैसे रहेगी? चल ना माझ्याबरोबर."

मी म्हटलं, "मला येतं एकटीला राहायला. बारा वर्षं राहिले. खरं सांगू? चांगलं गेलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कोणाला बोलून दाखवलं, आणि ते तुम्ही नव्हतात.

गाडी गेली, मी ऑटोनं घरी आले. कुलूप काढलं. बैठकीत गेले, टेबलाशी बसले. घर माझं, वेळ माझी, शब्द माझा. सगळं तेव्हासारखंच. आणि अहो, बसवेना. तासभर बसून पाहिलं, बसवेना. तेव्हा एकटीला राहणं जमत होतं, कारण रायपूरला तुम्ही होतात. तिथे, त्या रिकाम्या खोलीत, गुणगुणत, माझ्यावाचून खूश. मला ते माहीत नव्हतं तरी त्याच्याच जोरावर मी इथे मालकीण होते.

आता कुठेच नाही आहात. आणि या खेपेलाही जाण्याआधी एका शब्दानं विचारलं नाहीत.